चेन्नईला लाळ देऊन आले

चेन्नईला जाऊन आले म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न येतो, कांजीवरम आणलंस का. दुसरा, महाबलीपुरम पाहिलंस का. मी दोन्ही केलं नाही. माझ्या दहा वर्षांच्या मुलीची लाळ कापसाच्या बोळ्यांत भरून तिथल्या एका हॉस्पिटलला दिली आणि परत आले. एवढ्यासाठी कोणी इतक्या लांब जातं का, असं विचाराल तर आता मलाही तेच वाटतं. जाताना मात्र मी देवाला जावं तशी गेले होते.

माझी मुलगी मुक्ता. तिला विल्यम्स सिंड्रोम आहे. आजार म्हणावा तर तो नव्हे, जन्मापासूनच तिच्यात सातव्या गुणसूत्राचा एक बारीकसा तुकडा नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून तो कुठे असायला हवा होता ते दाखवलं होतं. त्या तुकड्यापायी बेरीज-वजाबाकी अडली, बुटाची नाडी बांधणं अडलं, ते सगळं मी सोसलं. पण परक्या माणसाला बुजणं म्हणून जे असतं ना, तेही तिच्यात नाही. कोणीही येवो, ही हसत त्याच्यापुढे उभी. नाव विचारणार, हात धरणार, म्हणाल तिकडे चालू लागणार.

फेब्रुवारीत शाळा सुटताना ती एका माणसाबरोबर गेली. तो कोण होता, आम्हाला आजही माहीत नाही. स्टँडजवळ आमच्या पोस्टातल्या एका पोस्टमननं तिला ओळखलं आणि हाक मारली, तेव्हा तो माणूस हात सोडून गर्दीत गेला. मुक्ता त्याला टाटा करत होती. शाळेनं सांगितलं, जूनपासून आम्ही जबाबदारी घेणार नाही. मी पोस्टात काउंटरवर बसते, नवरा एसटीत. घरी कोणी नाही. नवरा म्हणाला, ‘‘मग काय, पोरीला कुलूप लावून ठेवायचं?’’ माझ्याही मनात तेच आलं होतं.

अशात पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की चेन्नईत अशा मुलांवर अभ्यास चाललाय. परका माणूस समोर आला की शरीरात ताणाचं एक रसायन वाढतं, कॉर्टिसॉल. ते लाळेत उतरतं. तेवढं मोजतात, सुई नाही, टोचणं नाही. मला वाटलं, मोजतात म्हणजे पुढे काहीतरी देतही असतील. गोळी म्हणा, शिकवणी म्हणा. माझ्या पोरीला थोडी भीती घालून द्या, एवढंच माझं मागणं होतं. माझा मोठा भाऊ चेन्नईलाच बँकेत, वेस्ट मांबलमला राहतो. राहण्याची सोय होती. मी रजा टाकली.

गाडीत

सोलापूर सोडून तास झाला नसेल, डब्यातल्या निम्म्या लोकांना मुक्ताचं नाव पाठ झालं होतं. तिचा आवाज घोगरा आहे आणि ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, ‘‘तुमच्याकडे कुत्रा आहे का?’’ ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ती जाऊन बसते. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडेही बसते.

समोर एक तमिळ आजी होत्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. गुंतकल आलं तेव्हा त्यांनी केळीच्या पानातला चिंचेचा भात काढला. आपल्याकडे प्रवासाला भाकरी, शेंगाचटणी, तसा त्यांचा हा भात. आंबटढाण, शेंगदाणे घातलेला, दुसऱ्या दिवशीही उतरत नाही म्हणे. त्यांनी मुक्ताला मांडीवर घेऊन भरवला. मी आमची कडक भाकरी पुढे केली तर आजींनी आपल्या दातांकडे बोट केलं आणि हसून ती परत दिली. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पण त्या पुन्हा पुन्हा मुक्ताच्या गालाला हात लावून बोटं मोडत होत्या.

गोड आहे हो तुमची मुलगी, असं त्या दिवशी मला डब्यातल्या किती जणांनी सांगितलं. दुसऱ्या कुठल्या आईला बरं वाटलं असतं. वरच्या बर्थवरचा एक माणूस तिला वर बोलवत होता, चॉकलेट दाखवून. चांगला असेल बिचारा. मी मात्र तिच्या फ्रॉकचा बंद माझ्या मनगटाला बांधला आणि तशीच आडवी झाले.

वेस्ट मांबलम

दादाचं घर दुसऱ्या मजल्यावर, मांबलम स्टेशनपासून चालत. गल्लीत सकाळी पाण्याचा टँकर येतो आणि रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या घागरी घेऊन बायका उभ्या राहतात. पाण्याचं आम्हा सोलापूरकरांना कोणी सांगू नये, पण इथलं भांडण मला आवडलं. एवढा आरडाओरडा करूनही केसातला गजरा कोणाचा हलत नाही. खालच्या पायरीवर रोज तांदळाच्या पिठाची रांगोळी. आमच्याकडे रांगोळीत रंग भरतात, इथे नुसती पांढरी रेघ, पण ती काढणारीचा हात एकदाही अडत नाही.

घागरींच्या रांगेत मुक्ता पहिल्याच दिवशी जाऊन उभी राहिली. वहिनी म्हणाली, ‘‘असू दे गं, इथे सगळी माणसं चांगली आहेत.’’

वहिनी मूळची साताऱ्याची. बारा वर्षं चेन्नईत काढूनही तिच्या फोडणीत कढीपत्त्याआधी हिंग पडतो. दादाला फिल्टर कॉफी लागते, वाटीत ओतून उंचावरून फेसाळलेली, ती मात्र वहिनी झकास करते. वहिनीचं मुक्तावर प्रेम आहे. त्या प्रेमानंच पुढचा घोळ झाला, पण तो नंतर.

रविवारी सगळे मरीनाला गेलो. समुद्र मी आधी पाहिला होता, पण एवढी वाळू पाहिली नव्हती. पाण्यापर्यंत पोचेस्तोवरच दम लागतो. वाळूवर सुंडल विकतात, उकडलेले वाटाणे, त्यात खोबरं आणि कैरीचे बारीक तुकडे. मी कागदाच्या पुडीतून एक घास घेतला, छान लागला म्हणून वहिनीला सांगायला वळले आणि परत पाहते तर मुक्ता नाही.

फेब्रुवारीनंतर हे दुसऱ्यांदा. सवय होत नाही. दादा पाण्याकडे धावला, मी रस्त्याकडे. नाव घेऊन ओरडत होते, पण ओ देणारी मुलगी असती तर ती गेलीच नसती. घोड्यावर बसवणारे उभे असतात तिथे ती सापडली. लुंगी नेसलेल्या एका माणसाचं बोट धरून ओळीत उभी होती. त्याला ती मामा म्हणत होती. मी तिला ओढल्यावर तो माणूस इतका घाबरला की दोन्ही हात वर करून तमिळमध्ये भराभर बोलू लागला. दादानं विचारलं तर म्हणाला, मुलगी एकटी दिसली, घोडा मागत होती, म्हटलं फिरवून आणावी आणि मग पोलिसाकडे द्यावी.

खरंच बोलत असेल. मी त्याला धन्यवादही दिले नाहीत. मी मुक्ताच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर जराही काही नव्हतं, आई दिसली म्हणून हुश्श नाही की आपण चुकलो म्हणून रडू नाही. ती हसतच होती. दादा कोरड्या आवाजात म्हणाला, ‘‘सुमे, निदान पोरगी सुखी आहे बघ. आपल्यासारखा घोर नाही तिला.’’

हे वाक्य मी दहा वर्षं स्वतःला सांगत आले होते. नवरा झोपला की, सासूबाई बोलल्या की, शाळेतून चिठ्ठी आली की. पोरगी सुखी आहे. तेवढ्यावर मी उभी होते, दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे.

हॉस्पिटल

पद्धत अशी. कापसाचा लांबट बोळा मुलाच्या तोंडात ठेवायचा, भिजला की नळीत घालून बूच लावायचं. असे तीन बोळे. पहिला घरून निघण्याआधी, मूल निवांत असताना. दुसरा, परका माणूस भेटल्यावर. तिसरा, आई परत आल्यावर. आणि दर वेळी लगेच नाही, जरा थांबून, कारण लाळ आत्ताची बातमी देत नाही, मागची देते. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला आमच्या टपालाची आठवण झाली. त्या तमिळ, चष्मेवाल्या, माझ्याच वयाच्या. सावकाश इंग्रजी बोलायच्या, म्हणजे माझ्यासारखीला कळावं. एकच ताकीद होती. बोळ्याआधी तासभर तोंडात काही घालायचं नाही.

त्या दुपारी मी मुक्ताची वेणी घालत होते. वहिनी देवापुढून आली आणि तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. मुक्तानं ती चाटली. मी बोळा घेऊनच बसले होते.

‘‘वहिनी, अगं काही द्यायचं नव्हतं ना.’’

‘‘खायला कुठे दिलंय? दही ठेवलं हातावर. एवढ्या मोठ्या कामाला पोर चाललीय, तशीच पाठवू?’’

वहिनीला ते खाणं वाटलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तेच वाटलं. परीक्षेला, मुलगी बघायला, कोर्टात जाताना हातावर पडतं ते दही, ते जेवणात कोण धरतं. मुक्ताला पाणी पाजलं, चूळ भरून घेतली आणि बोळा तोंडात ठेवला.

हॉस्पिटलात नळ्या घेणारी सेल्वी म्हणून एक मुलगी होती. तिनं नळी उजेडात धरली आणि आत दह्याचा पांढरा कण दिसला. तिनं मान हलवली. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘हरकत नाही. बाकीचे दोन आज करू. पहिला तुम्ही उद्या याच वेळेला घरी घ्या. तेच बरं. आज बाहेर पडायची गडबड होती, उद्या ती अगदी शांत असेल.’’

बाहेर बाकावर एक तेलुगू बाई मुलाला घेऊन बसल्या होत्या, नेल्लूरच्या. त्यांच्या मुलाचा आजार वेगळा, तोही गुणसूत्रातलाच. तो भिंतीकडे तोंड करून उभा, कोणी जवळ गेलं की स्वतःचा हात चावायचा. मनगटावर घट्टे पडले होते. मुक्ता त्याच्याशी बोलायला गेली आणि तो किंचाळला. त्या बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, ‘‘तुमची बोलते तरी. हा मला आई म्हणत नाही.’’ मी मनात म्हणाले, तुमचा कोणाबरोबर निघून तर जात नाही. आम्ही दोघी एकमेकींच्या मुलांकडे अशा बघत होतो की सांगायची लाज वाटते.

मग मुक्ताला खेळण्यांच्या खोलीत ठेवलं. मला काचेमागे बसवलं, तिला मी दिसत नव्हते. एक तरुण आत आला आणि न बोलता खुर्चीवर बसला. डॉक्टरबाई म्हणाल्या, इथे बाकीची मुलं कोपऱ्यात जातात, नाहीतर आईला शोधतात. मुक्ता त्याच्या गुडघ्याशी जाऊन उभी राहिली. कुत्र्याचं विचारलं. तो तमिळमध्ये काहीतरी बोलला, हिनं मराठीत उत्तर दिलं, आणि दोघांच्या छान गप्पा झाल्या. त्यानं दाराकडे बोट दाखवलं तर ती चप्पल घालू लागली.

मी काचेमागे रडत होते. सेल्वीनं पाणी आणून दिलं.

नंतर मी आत गेले. ती पळत आली, माझ्या कमरेला मिठी मारली, म्हणाली, ‘‘आई, हा माझा मित्र.’’ दोन्ही बोळे तिनं नीट चघळून दिले. कापूस तिला आवडला.

पहिला बोळा

दुसऱ्या दिवशीची दुपार. वहिनीला मी देवघराकडेसुद्धा फिरकू दिलं नाही. ती हिरमुसून शेजारी गेली. दादा बँकेत. घरात आम्ही दोघीच.

मी लादीवर चटई टाकली. पंखा चालू होता. मुक्ता माझ्या दंडावर डोकं ठेवून पडली आणि माझ्या बांगड्या एकेक करून कोपरापर्यंत नेऊ लागली, मग परत खाली. कुठे आवाज नाही, कोणी येणार नाही. खाली कोणीतरी सायकलवरून फुलं विकत गेलं तेवढंच. ती गुणगुणत होती. माझ्याकडे बघून हसत होती. सोलापुरात अशी दुपार आम्हाला कधी मिळते? मी ड्युटीवर, ती शाळेत, रविवारी धुणं. मी तिच्या केसांतून हात फिरवत पडून राहिले आणि मला वाटलं, हाच तो निवांतपणा. यांना मोजायचाय ना, मोजा. या बोळ्यात काही सापडणारच नाही.

वेळ झाल्यावर बोळा घेतला, नळीला बूच लावलं, तेव्हा ती काय करत होती ते सोबतच्या कागदावर लिहिलं आणि नळी बर्फात घातली. त्या सगळ्या सहलीत मला मनापासून आवडलेली गोष्ट विचाराल तर ती दुपार.

निकाल

शनिवारी आकडे आले. डॉक्टरबाई सांगायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, हा पुष्कळ मुलांचा मिळून अभ्यास आहे, एका मुलाच्या आकड्यावरून काही म्हणता येत नाही, आणि आम्ही उपचार करत नाही, हे कागदावरही लिहिलं होतं. लिहिलं असेल. मी सही केली तेव्हा मला ते दिसलं नव्हतं, नाहीतर दिसूनही मी पुढे गेले असेन.

मी म्हणाले, ‘‘मॅडम, मी पुन्हा येऊ शकणार नाही. तिला परक्याची भीती वाटते की नाही, एवढं सांगा. नसेल तर कशी शिकवू ते सांगा.’’

त्यांनी कोऱ्या कागदावर काढून दाखवलं. बाकीच्या मुलांचं असं, घरी खाली, परका आला की वर, आई आली की पुन्हा खाली. टेकडी काढतात तशी. मग मुक्ताचं काढलं. आडवी रेघ.

मला एकदम बरं वाटलं. ‘‘म्हणजे चढतच नाही? भीती नाहीच?’’

‘‘तसं नाही,’’ त्या म्हणाल्या, आणि ती रेघ टेकडीच्या माथ्याच्या उंचीवर आहे हे त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं. ‘‘परका येतो तेव्हा तिच्यात ताण भरपूर आहे. पण तुम्ही परत आल्यावरही तेवढाच आहे. आणि घरच्या बोळ्यातही.’’

‘‘घरचा बोळा मी तिला कुशीत घेऊन घेतलाय.’’

‘‘हो. तुम्ही लिहिलंय तसं.’’

‘‘ती हसत होती.’’

डॉक्टरबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. ‘‘ही मुलं हसतात. आत काय चाललंय ते त्या हसण्यावरून कळत नाही, आम्हालाही कळत नाही. तिचं शरीर बहुधा सारखं सावधच असतं. शहर नवीन आहे, घर पाहुण्यांचं आहे, त्याचंही असेल. मी खात्रीनं सांगत नाही.’’

‘‘माझी भीती वाटते तिला?’’

‘‘असं मी म्हटलेलं नाही. एवढंच की तुम्ही जवळ आहात म्हणून तिला विसावा मिळतोय, असं या आकड्यांत दिसत नाही.’’

त्यांनी हे फार हळुवारपणे सांगितलं. त्यांना दोष देत नाही. मी तो कागद मागितला, त्यांनी दिला नाही. बाहेर मुक्ता सेल्वीच्या मांडीवर बसली होती.

दादानं घरी विचारलं काय म्हणाले. मी म्हणाले, काही नाही, अभ्यासच आहे तो नुसता. वहिनीनं रात्री पुरणपोळ्या केल्या, आमच्यासाठी. तिला अजून दह्याचं लागून राहिलं होतं. तिला कसं सांगू की तुझं दही पोटात गेलं नसतं तर पहिला बोळा निघायच्या गडबडीतला असता, आणि मग मला जन्मभर म्हणता आलं असतं की त्या गडबडीमुळे आकडा वाढला.

परत

गाडी संध्याकाळची होती. चेन्नई मागे पडली तशी मुक्ता उठली. पलीकडच्या बाकावर एक माणूस एकटाच बसला होता, सफारीतला, खिडकीतून बाहेर बघणारा. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग जागा करून दिली. ती त्याला चिकटून बसली आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला.

मी तिला भीती शिकवायला घेऊन गेले होते. ती तर तिच्यात काठोकाठ भरलेली होती, दहा वर्षं, दिवसरात्र, आणि मी तिला सुखी म्हणत होते.

तिला ओढून आणायला मी उठले. दोन बाकांमधल्या जागेत पोचले, हातही पुढे केला. आणि तिथेच थांबले. ओढून आणायचं म्हणजे माझ्याजवळच आणायचं ना. तिथे तिला काय मिळत होतं, ते मी कागदावर बघून आले होते.

त्या माणसानं विचारलं, ‘‘तुमची मुलगी का?’’

मी हो म्हणाले, आणि त्याच बाकाच्या टोकाला बसून राहिले.